यंत्र चालविणें आणि यंत्र जाणणें

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे गोंदियांतील ओळखीच्या घरांतून एक प्रश्न दरवर्षीं आमच्याकडे येतो. मुलास गुण बेताचे पडले आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयाचा खर्च झेपण्याजोगा नाहीं. तेव्हां त्यास संगणकाच्या हार्डवेअर व नेटवर्किंगचा वर्ग लावून दिला तर कसें होईल? विचारणाऱ्या वडिलांच्या स्वरांत किंचित् संकोच असतो. मुलगा डॉक्टर किंवा इंजिनियर व्हावयाचा तो राहिला आणि आतां हातांत पेचकस घेऊन लोकांच्या कचेऱ्यांतून फिरणार, अशी ती कबुलीच असते. हा धंदा काल-परवांचा आहे व त्यांत विद्या अशी कांहीं नाहीं, या दोन समजुती त्या संकोचाच्या मुळाशीं आहेत. आमच्या मतें दोन्ही चुकीच्या आहेत, आणि त्या चुकीच्या कां हें सांगावयाचें तर थोडें मागें जावें लागतें.

कोणतेंही नवें यंत्र एखाद्या प्रांतांत आलें म्हणजे त्याच्याभोंवतीं दोन प्रकारचीं माणसें जमतात. एक तें चालविणारीं आणि दुसरीं तें जाणणारीं. चालविणाऱ्यास कोणती कळ दाबली असतां काय होतें एवढें ठाऊक असतें. जाणणाऱ्यास तें कां होतें, आणि न झाल्यास दोष कोठें शोधावयाचा, हें ठाऊक असतें. पहिल्याची गरज यंत्र बदललें कीं सरते. दुसऱ्याची विद्या एका यंत्रांतून दुसऱ्यांत उतरत जाते. गोंदिया हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला तरुण जिल्हा असला, तरी या दोहोंमधील भेद येथील भूमीनें शंभराहून अधिक वर्षें पाहिला आहे.

आरंभ तारायंत्रापासून करूं. विल्यम ओ'शॉनेसी हा कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. १८३९ सालीं त्यानें कलकत्त्याजवळ प्रयोगादाखल तारा ताणून विजेनें संदेश धाडून पाहिले. १८५१ सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर हा तारमार्ग चालूं झाला. आणि १८५५ च्या फेब्रुवारींत तारखातें सर्वसाधारण लोकांस खुलें झालें. खांब, तारा आणि यंत्रें मिळविणें हें एक काम होतें. तीं राखणारीं माणसें मिळविणें हें त्याहून अवघड. ही विद्या शिकविणारी शाळा देशांत कोठेंच नव्हती. ओ'शॉनेसीस या कामीं जे पहिले देशी सहाय्यक मिळाले त्यांत शिवचंद्र नंदी यांचें नांव अग्रगण्य आहे. हे गृहस्थ कलकत्त्याच्या टांकसाळींत नोकरीस होते. तारायंत्राची विद्या त्यांनीं प्रत्यक्ष काम करीत आत्मसात् केली, पुढें नव्या तारमार्गांची उभारणी त्यांच्या देखरेखीखालीं झाली, आणि इतरांस शिकविण्याचें कामही त्यांच्याकडे आलें. पद्मा नदीच्या विस्तीर्ण पात्रांतून तार टाकण्याचा प्रसंग आला तेव्हां आगबोटीचें भारी भाडें न भरतां त्यांनीं कोळ्यांच्या होड्यांतून ती पार नेली. आमच्या मतें ही गोष्ट यंत्रदुरुस्तीच्या प्रत्येक वर्गांत पहिल्या दिवशीं सांगण्याजोगी आहे. विद्या परदेशची, साधनें आपल्या घाटावरचीं, आणि दोहोंची सांगड घालणारी बुद्धि एका टांकसाळीच्या नोकराची!

आमच्या भागांत ही विद्या रुळांच्या कडेकडेनें आली. १८८७ सालीं बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिनें नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारी मीटरमापी लाईन आपल्याकडे घेऊन ती रुंदमापी केली, आणि १८९१ सालीं नागपूरपासून आसनसोलपर्यंतचा मार्ग पुरा झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गोंदियाहून उत्तरेस जबलपूरकडे आणि दक्षिणेस नागभीडकडे अरुंदमापी फांटे निघाले, आणि धानाच्या बांध्यांमधील एका गांवाचें जंक्शन झालें. रेल्वे म्हटली कीं तार आलीच. पुढची गाडी कोठें आहे हें कळल्याशिवाय मागची सोडतां येत नाहीं. प्रत्येक स्टेशनावर कट्ट-कड-कट्ट करणारें यंत्र व तें वाजविणारा तारबाबू बसला. गांवच्या दृष्टीनें तो मोठा माणूस होता, आणि साहजिकच प्रत्येक बापास आपला मुलगा तारबाबू व्हावा असें वाटे.

परंतु तार मुकी झाली म्हणजे तारबाबूचा उपाय चालत नसे. त्या वेळीं दुसऱ्या माणसाची आठवण होई. समजा, गोंदिया आणि डोंगरगड यांच्यामधील तार बंद पडली. जाणत्या माणसास तेवढी सारी वाट पायीं तुडवीत प्रत्येक खांब न्याहाळण्याचें कारण नव्हतें. आमगांवापर्यंत संदेश पोंचतो कीं नाहीं तें तो आधीं पाही. पोंचत असेल तर सालेकशापर्यंत. तेथवरही ठीक असेल तर दोष पुढें दरेकशाच्या डोंगरांत आहे हें बसल्या जागीं निश्चित होई. याहून सूक्ष्म रीत म्हणजे तारेचा विद्युत्-विरोध मोजावयाचा. तारेच्या एका मैलास विरोध किती हें ठाऊक असलें म्हणजे जमिनीस टेकलेली तार किती मैलांवर टेकली आहे याचें गणित मांडतां येतें. अज्ञाताचे भाग पाडून दोषाचें स्थान आंखडीत नेणें ही जी युक्ति, तीच या धंद्याचा गाभा होय. मोर्सची लिपि ही तारबाबूची विद्या होती, व ती जुलै २०१३ मध्यें सरकारी तारसेवा बंद होण्याच्या कितीतरी आधींच निरुपयोगी होत चालली होती. दोष शोधण्याची ही युक्ति मात्र आजही तशीच्या तशी वापरांत आहे. तिचा उपयोग पुढें दिसेलच.

आतां संगणकाकडे वळूं. १९५० च्या दशकाच्या मध्यास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत इंग्लंडहून आणलेलें संगणकयंत्र बसलें. मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं स्वतः रचलेलें टिफ्राक हें यंत्र १९६० सालीं पूर्णपणें चालूं झालें. हे विद्वानांचे उद्योग होते. व्यापारी व सरकारी कचेऱ्यांतून जीं यंत्रें आलीं त्यांतील बरींचशीं आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीचीं होतीं, आणि तींही विकत घेतलेलीं नसून भाड्यानें आणलेलीं. भाड्याच्या यंत्राची निगा मालकानेंच राखावयाची असा शिरस्ता. त्यामुळें यंत्राचें झांकण उघडण्याचा अधिकार कंपनीच्या माणसाचा. तो माणूस बहुधा आपल्याच देशांतला असे, कुशलही असे. पण त्याचें शिक्षण, त्याचीं पुस्तकें आणि त्याचे सुटे भाग हें सर्व एका परकीय कंपनीच्या कपाटांत राही.

१९७३ सालीं परकीय चलनविषयक नवा कायदा झाला आणि परदेशी कंपन्यांस येथील आपली मालकी कमी करण्याचा तगादा लागला. आय.बी.एम. नें तें न मानतां १९७८ सालीं देशांतील आपला कारभार आटोपला. मग तीं यंत्रें राखणार कोण? सुदैवानें भारत सरकारनें १९७५ सालींच कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या नांवाची कंपनी काढून ठेविली होती. लोक तिला सी.एम.सी. म्हणत. देशभर सुमारें ८०० ठिकाणच्या यंत्रांची निगा तिनें आपल्याकडे घेतली, आणि यंत्रें चालूं राहिलीं. या घटनेकडे आपल्या इतिहासकारांचें जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. संगणकाची दुरुस्ती ही या देशांत एक स्वतंत्र वृत्ति म्हणून उभी राहिली ती या वेळीं. एका कंपनीचा नोकर एकाच कंपनीचें यंत्र जाणी, सी.एम.सी. च्या माणसास निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें हाताळावीं लागत. नमुना पाठ करून तेथें भागण्यासारखें नव्हतें, तत्त्व समजून घ्यावें लागे. याच संस्थेनें पुढें रेल्वेच्या तिकिट-आरक्षणाची संगणकपद्धति रचली, आणि १९८५-८६ च्या सुमारास ती दिल्लींत सुरू झाली. दुरुस्तीपासून आरंभ करून रचनेपर्यंत पोंचण्याचा मार्ग असा सरळ आहे, हें यावरून दिसतें.

दुसरें स्थित्यंतर बाहेर घडलें. १९८१ सालीं आय.बी.एम. नें मेजावर मावणारा वैयक्तिक संगणक काढला. तो लौकर बाजारांत यावा म्हणून त्याचे बहुतेक भाग बाहेरच्या कारखान्यांतून घेतले होते, आणि त्याची अंतर्रचनाही पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली होती. परिणाम असा झाला कीं तसाच संगणक कोणासही जुळवितां येऊं लागला. १९८४ सालीं आपल्या सरकारनें संगणकविषयक धोरण सैल केलें, सुटे भाग येणें सोपें झालें, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, जेथें पूर्वीं रेडिओचे व्हॉल्व्ह मिळत, तेथें संगणकाच्या पाट्या विकावयास आल्या. रेडिओचा कारागीर संगणकाकडे वळला. १९४७ सालीं मुंबईंत रेडिओच्या धंद्यांतून निघालेली जेटकिंग ही संस्था १९९० च्या सुमारास संगणक-हार्डवेअर शिकवूं लागली, हा त्याच प्रवाहाचा एक दाखला होय.

सरकारी शिक्षणाची वाट याहून जुनी आहे. १९५० सालीं केंद्र सरकारनें कारागीर प्रशिक्षण योजना काढली. आज आपण जिला आय.टी.आय. म्हणतों ती संस्था तिचेंच अपत्य. फिटर, वायरमन, रेडिओ मेकॅनिक हे तिचे जुने विषय. काळ बदलला तशी संगणक-हार्डवेअर व नेटवर्क यांच्या निगेची शाखाही त्यांत आली. दुसऱ्या बाजूनें २००१ सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळानें एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू केला, आणि त्यानें खेड्यापाड्यांतील लक्षावधि लोकांच्या मनांतील संगणकाची भीति घालविली. हें कार्य मोठें आहे, त्यास आम्ही कमी लेखीत नाहीं. पण तें चालविण्याचें शिक्षण आहे, जाणण्याचें नव्हे; आणि पुष्कळ पालक या दोहोंत घोंटाळा करतात. प्रमाणपत्र भिंतीवर लागलें म्हणजे मुलास संगणक आला, अशी त्यांची समजूत होते.

इकडे यंत्रें तर गांवोगांव पसरलीं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानें उपग्रहामार्फत जिल्ह्यांचीं ठाणीं जोडण्यास आरंभ केला. २०११ सालीं ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंची तार नेण्याची योजना मंजूर झाली. तिलाच पुढें भारतनेट हें नांव मिळालें. सातबाऱ्याचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, धानविक्रीची नोंदणी, रेशनचें धान्य, हें सर्व आतां या जाळ्यावर अवलंबून आहे. देवरी किंवा अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील एखाद्या खेड्यांत तें बंद पडलें, तर पूर्वीं तार मुकी झाल्यानें जें गाडीचें होई तें आज माणसाच्या पोटाचें होतें. हा धंदा हलका म्हणणारांनीं क्षणभर याचा विचार करावा.

या विद्येंत शिकावयाचें तरी काय असतें? चांगल्या वर्गांत पहिला धडा विजेचा असतो. भिंतींतून २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज येते; पेटींतील वीजपुरवठ्याचा डबा तिचें १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेंत रूपांतर करतो. संगणक सुरू होत नसेल तर महागड्या भागांवर संशय घेण्यापूर्वीं मल्टिमीटर लावून हे आंकडे पाहावयाचे. मग यंत्र जागें होतांना तें स्वतःचीच जी परीक्षा घेतें ती वाचावयास शिकावयाचें. स्मृतीची पट्टी नीट बसली नसेल तर पडदा काळा राहतो आणि कित्येक यंत्रें शिट्ट्या वाजवून तें सांगतात. आमच्याकडे पावसाळ्यांतील दमट हवा, विजांचा कडकडाट आणि व्होल्टेजचा चढउतार हे तीन शत्रु. म्हणून अर्थिंगचा धडा येथें शहरापेक्षां अधिक महत्त्वाचा.

पुढें जाळ्याचा अभ्यास. जाळ्याच्या तारेंत आठ बारीक तारा असतात व त्या दोन-दोन अशा चार जोड्यांनीं पिळलेल्या असतात. साधा विद्यार्थी रंगांचा क्रम घोकतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तेवढ्यानें त्याचें काम भागतें. परंतु पीळ कशासाठीं, हें विचारणारा विद्यार्थी निराळा. जोडींतील दोन तारांतून परस्परविरुद्ध संदेश जातात. बाहेरचा विद्युत्-गोंधळ दोहोंवर जवळजवळ सारखाच पडतो, व दुसऱ्या टोंकास दोहोंची वजाबाकी केली असतां तो नाहींसा होतो. हें ज्यास कळलें तो टोंकाशीं पीळ गरजेहून अधिक उलगडीत नाहीं, विजेच्या मोठ्या तारेच्या बरोबरीनें ही तार ओढीत नाहीं, आणि शंभर मीटरची मर्यादाही विसरत नाहीं. त्यानें घातलेलें जाळें टिकतें. घोकणाऱ्यानें घातलेलें पहिल्या पावसांत अडखळूं लागतें.

आणि दोष शोधावयाचा कसा? आधीं स्वतःच्याच यंत्रास हांक मारून पाहावयाची, मग खोलींतील राउटरला, मग बाहेरच्या दूरच्या पत्त्याला. ज्या पायरीवर उत्तर येत नाहीं तेथें दोष. आमगांव, सालेकसा, दरेकसा! प्रकाशतंतु तुटला तर त्यांत प्रकाशाचा एक ठोका सोडतात आणि तुटल्या जागेवरून तो परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. जुना तारमापक विरोधावरून मैल काढी, आजचा काळावरून मीटर काढतो. विद्येची वंशावळ इतकी स्पष्ट आहे.

निगेचें महत्त्व आम्हांस यंत्रांवरूनच शिकण्याचें कारण नव्हतें. आपल्या जिल्ह्यांतील तलावांनीं तें केव्हांच शिकविलें आहे. गोंड राजांच्या अमदानीपासून कोहळी लोक तलाव बांधण्यांत नांवाजलेले. नवेगांव बांधाचा विशाल तलाव कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविला असें परंपरा सांगते. पाळ कोठें घालावी, पाणी कोठून सोडावें, गाळ केव्हां काढावा, हें त्यांच्या घराण्यांतून शिकविलें जाई. १९५०-५१ सालीं मालगुजारीची पद्धति नष्ट झाली. ती अन्यायाची होती व ती गेली हें योग्यच झालें. पण तलाव सरकारजमा झाले तेव्हां त्यांबरोबर त्यांची निगा राखणारी विद्या कोणाच्या स्वाधीन करावी, याचा विचार झाला नाहीं. पाणी सोडणारे राहिले, पाळ जाणणारे विरळ झाले, आणि कितीतरी तलाव गाळानें भरले. बांधणाऱ्याचें नांव राहतें. राखणाऱ्याचें नांव राहत नाहीं, परंतु तलाव राहतो तो त्याच्यामुळें.

संगणकांच्या बाबतींत हीच चूक आपण पुन्हां करीत आहों असें आम्हांस भय वाटतें. एका शाळेंत आम्हीं दहा संगणक पांढऱ्या कापडाखालीं झांकून ठेविलेले पाहिले. चौकशी करतां, ते दोन वर्षें बंद आहेत असें कळलें. आमच्याबरोबर एक माजी विद्यार्थी होता, आय.टी.आय. मध्यें शिकून तो हाच व्यवसाय करतो. त्यानें तासाभरांत सहा यंत्रें सुरू करून दिलीं. कांहींच्या स्मृतिपट्ट्यांवर धूळ व गंज चढला होता, कांहींची आंतील लहानशी बॅटरी संपली होती. दोन वर्षें शेंकडों मुलें त्या कापडाकडे पाहत मोठीं झालीं, आणि उणीव होती ती एका जाणत्या माणसाची. यंत्रें देणारे पुष्कळ होते. राखणारा नेमावयाचें कोणास सुचलें नाहीं.

या धंद्याच्या अडचणी लपविण्यांत अर्थ नाहीं. नव्या लॅपटॉपांत पुष्कळसे भाग पाटीवरच डाखलेले असतात. सुटा भाग काढून दुसरा बसविणें एवढेंच ज्यास येतें त्याचें काम घटत जाणार. पुष्कळ कंपन्या दुरुस्ती न करतां सबंध पाटीच बदलावयास लावतात. कचेऱ्यांचीं कामें दूरच्या मोठ्या संगणकांवर चाललीं आहेत. परंतु तेथवर पोंचविणारें जाळें तर गांवांतच असणार, आणि त्याचा दोष दिल्लींत बसून सांधतां येत नाहीं. म्हणून घोकून शिकलेल्याचें भवितव्य संशयित व समजून शिकलेल्याचें बरेंच निश्चित, असा आमचा अदमास आहे.

तेव्हां विचारणाऱ्या पालकांस आमचें उत्तर असें. वर्ग अवश्य लावावा. पण फी किती व नोकरीची हमी आहे कीं नाहीं हें विचारण्याआधीं तीन गोष्टी पाहाव्या. मुलांच्या हातीं उघडलेलीं यंत्रें किती वेळ दिलीं जातात? मुद्दाम बिघाड करून तो शोधावयास सांगतात काय? आणि शिक्षक कारण सांगतो कीं केवळ कृति? शक्य तर हेंही पाहावें कीं कारण मराठींत सांगितलें जातें. राउटर व केबल हे शब्द खुशाल इंग्रजी असोत; ते आतां आपलेच झाले आहेत. पण गोंडी, पोवारी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या घरांतून आलेल्या मुलास शास्त्राचें कारण इंग्रजींतून ऐकावें लागलें तर तो क्रम घोकेल आणि कारण सोडून देईल. म्हणजे जाणणारा व्हावयाचा तो चालविणारा होऊन परत येईल.

मुलानें पेचकस धरला म्हणून खालीं पाहण्याचें कारण नाहीं. शिवचंद्र नंदींनीं तो धरला, सी.एम.सी. च्या तरुणांनीं धरला, आणि त्या शाळेंतील कापड दूर करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यानेंही धरला. गोंदियास तारबाबू पुष्कळ लाभले. आतां तार मुकी झाली असतां ज्याची आठवण होते तो माणूस आमगांवांत, सालेकशांत, देवरींत, ज्याच्या त्याच्या गांवींच सांपडावा, एवढीच आमची इच्छा आहे.